चाचणीपुरतं निधन

मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि जपूनरावांच्या पोटात गोळा आला. तसा तो गोळा त्यांच्या पोटात कायमच मुक्कामाला असे; साहेबांनी बोलावलं की फक्त कूस बदलत असे. जपूनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. निवृत्तिवेतन कार्यालयातला हा अधीक्षक अंगापिंडानं भक्कम, आवाजानं भारदस्त, पण कुणी पाणी प्यायला उठलं तरी ह्याच्या तोंडून ‘जपून’ निघायचं. जिना उतरणाऱ्याला जपून, खिडकी उघडणाऱ्याला जपून. एक सहकारी स्वतःच्या लग्नासाठी रजा मागायला आला, तर त्यालाही रजेच्या अर्जावर सही करता करता ‘जपून’ म्हणाले. त्या दिवसापासून कार्यालयानं त्यांचं मूळ नाव सेवानिवृत्त करून टाकलं.

“नवं पोर्टल येतंय,” साहेब म्हणाले. “निवृत्तांची सगळी कामं घरबसल्या. पत्ता बदलणं, हयात असल्याचं कळवणं, मृत्यूची नोंद, सगळं. लोकांसाठी उघडण्याआधी त्याची चाचणी तुम्ही करायची. सोमवारी बैठकीत मला चालवून दाखवायचं.”

“मी, साहेब?”

“तुमच्याइतका घाबरट... सावध माणूस दुसरा नाही आपल्याकडे.”

चाचणी करायची कुठे, हा पहिला पेच. कार्यालयाचा नियम असा की चाचणी न झालेली कुठलीही गोष्ट कार्यालयाच्या संगणकावर बसवायची नाही. आणि बसवल्याशिवाय चाचणी होत नाही. संगणक विभागानं ह्यावर बराच काळ विचार केला, चहा घेतला, आणि शेवटी एक जुनापुराणा संगणक जपूनरावांच्या हवाली करून सांगितलं, “घरी न्या. घरी नियम नाही.”

फाटकावरच्या पहारेकऱ्याचं म्हणणं पडलं की चालू यंत्र बाहेर जाऊ शकत नाही, नादुरुस्त असेल तर दुरुस्तीसाठी जाऊ शकतं. तेव्हा तो ठणठणीत संगणक नादुरुस्त म्हणून जाहीर झाला. जपूनराव तो छातीशी धरून रस्त्यानं चालले तेव्हा समोरून येणारा प्रत्येक माणूस त्यांना साध्या कपड्यातला पोलीस वाटत होता. सरकारी मालमत्ता, खोटं कारण, आणि दोन्ही हात गुंतलेले, म्हणजे कपाळावरचा घामही पुसता येईना.

संगणक हवाली करताना डेटाबेसवाला हजर होता. हा संगणक विभागातला गृहस्थ. गळ्यात कायम हेडफोन आणि तोंडात कायम ‘बहुतेक’. त्यानं समजावून सांगितलं, “पोर्टल म्हणजे दुकानाची दर्शनी बाजू. डेटाबेस म्हणजे मागचं गोदाम, सगळा माल तिथे. आपलं गोदाम एंटरप्राइझ आहे. हजारो माणसं एका वेळी आली तरी डगमगत नाही.”

“पण घरी मी एकटाच असणार.”

“एकट्यापुरतं मिळत नाही. मोठंच बसवावं लागतं. आपल्या खऱ्या नोंदींची प्रत मी सोबत दिलीय, गोदाम बसवलं की ती आपोआप आत भरली जाते. तुम्ही काहीही करा, कार्यालयातल्या मूळ नोंदींना धक्का लागायचा नाही. बहुतेक.”

हा शेवटचा शब्द जपूनरावांच्या कानातून आत गेला आणि बाहेर काही आला नाही.

घरात संगणक ठेवायला जागा एकच, जेवणाचं टेबल. त्यामुळे कुटुंब स्वयंपाकघरात उभ्यानं जेवू लागलं. कुटुंब म्हणजे जपूनराव, त्यांची बायको आणि बायकोचे वडील. सासरेबुवा त्याच कार्यालयातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते घराचा कारभार पाहायचे, म्हणजे कुणी कुठला दिवा उगाच जळता ठेवला, नळ कुणी नीट बंद केला नाही, ह्याची तोंडी दखल घ्यायचे. जावयाला ‘अहो-जाहो’ करूनच झापायचे. जपूनराव त्यांना जरा भीत, म्हणजे साहेबांना भीत त्याहून थोडे जास्त.

डेटाबेस बसवायला घेतला आणि त्यानं पहिल्यांदा पासवर्ड मागितला. साधा पासवर्ड त्याला चालेना. अक्षर मोठं हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, आणि ओळखीचा शब्द नको. जपूनरावांना ओळखीचे नसलेले शब्द येत नव्हते. पुष्कळ खटपटीनं त्यांनी एक तयार केला, तो डेटाबेसला आवडला, आणि पुढच्याच पडद्यावर तो पुन्हा विचारला तेव्हा आठवेना. पुन्हा पहिल्यापासून. मग जागा अपुरी पडली. मग स्मृती अपुरी पडली, संगणकाची. मग पडद्यावर लाल अक्षरांत ‘फेटल एरर’ असं आलं. जपूनरावांनी शब्दकोश काढला. फेटल म्हणजे प्राणघातक. ते खुर्चीसकट मागे सरकले.

“अहो, चटका बसला का?” बायकोनं आतून विचारलं.

“नाही गं. पण तू इकडे येऊ नकोस.”

वरच्या मजल्यावरचे शेजारी अशा वेळी न बोलावता येतात. ह्या शेजाऱ्यांना सगळे सर्वज्ञ म्हणत. त्यांना न येणारा विषय अजून निघालेला नव्हता. गळका नळ असो की गुडघेदुखी, ते कमरेवर हात ठेवून आधी “मला वाटलंच होतं” म्हणत आणि मग काय झालंय ते विचारत. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

“मला वाटलंच होतं. काय झालंय?”

“गोदाम बसलंय, पण दुकानाचा आणि गोदामाचा संपर्क होत नाही.”

“फायरवॉल! फायरवॉल बंद करा. संगणकाच्या दारावरचा पहारेकरी असतो तो. तोच अडवतोय.”

“पहारेकरी काढायचा? मग कुणीही आत येईल.”

“अहो, तुमच्याकडे येणार कोण? आणि आलंच, तर बसणार कुठे?” सर्वज्ञांनी स्वतःच चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि पहारेकऱ्याला घरी पाठवून दिलं. खरोखरच दुकान आणि गोदाम एकमेकांशी बोलू लागले. सर्वज्ञांनी मिळालेला चहा घेतला आणि न मिळालेली शाबासकीही घेतली. पहारेकरी गेल्यावर बाहेरचं आत येऊ शकतं, तसं आतलंही बाहेर जाऊ शकतं, हे दोघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खरी चाचणी. पत्ता बदलून झाला. हयातीची नोंद झाली. राहिली मृत्यूची नोंद. त्याला एका हयात सभासदाचा क्रमांक हवा होता. जपूनरावांना दोनच क्रमांक पाठ होते. एक स्वतःचा, नोकरीला लागतानाच मिळालेला, पण तो नेमका ह्या क्षणी आठवेना. दुसरा सासरेबुवांचा. सासरेबुवा जिवंत आहेत हे दरवर्षी कार्यालयाला जपूनरावच कळवत असत, त्यामुळे तो बोटांतच बसला होता. त्यांनी तो घातला. प्रत आहे, प्रत आहे, असं मनाशी म्हणत त्यांनी बटण दाबलं.

‘नोंद यशस्वी. ही नोंद रद्द करता येणार नाही.’

खिडकीजवळ सासरेबुवा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांना शिंक आली. जपूनराव ताडकन उभे राहिले.

“काय झालं?” सासरेबुवांनी विचारलं.

“काही नाही, बाबा. जपून शिंका.”

सासरेबुवांच्या खिशातल्या फोनवर काहीतरी टिंग वाजलं. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग वर्तमानपत्राची घडी करून, आत जाऊन पडले. भर सकाळी, अंघोळीच्या आधी, ते आजवर कधी पडले नव्हते.

तिथून जपूनरावांचे हाल सुरू झाले. संध्याकाळी त्यांनी न्हाणीघरातला दिवा जळता ठेवला, आणि सासरेबुवा तो पाहून म्हणाले, “असू दे.” ‘असू दे’ हे दोन शब्द त्या तोंडून त्या क्रमानं कुणी ऐकले नव्हते. जेवताना त्यांनी मीठ कमी असल्याचं सांगितलं नाही. उलट मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. जावयाला जवळ बोलावलं आणि हातातलं घड्याळ काढून त्यांच्या मुठीत ठेवलं.

“हे तुम्ही वापरा, जावईबापू.”

“मला कशाला, बाबा?”

“मला आता वेळ बघून काय करायचंय?”

जपूनरावांना खरोखर धडकी भरली. मारायला गेलो प्रतीमध्ये आणि लागू पडलं मूळ प्रतीला, असं काहीतरी त्यांना वाटू लागलं. ते सुशिक्षित होते, अशा गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसला म्हणून भीती वाटायची थांबते असं कुणी सांगितलंय? ते सासरेबुवांच्या खोलीच्या दारात उभे राहून श्वास मोजू लागले. सासरेबुवा डोळे उघडून त्यांच्याकडे बघायचे, हे घाईनं पडदा नीट करायचे.

शेवटी त्यांनी डॉक्टरांना घरी बोलावलं. डॉक्टरांनी तपासलं, ठोकलं, जीभ बघितली. “ह्यांना काय झालंय? ह्यांचं ब्लडप्रेशर माझ्यापेक्षा चांगलं आहे.” जपूनरावांनी त्यांना बाहेर नेऊन हळू आवाजात पुन्हा पुन्हा विचारलं, “पण नक्की ना?” दार जरा उघडंच होतं. आत सासरेबुवांनी भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरांना पोचवून परतताना सर्वज्ञांनी जपूनरावांना जिन्यातच गाठलं. “मला वाटलंच होतं. डॉक्टरांना दिसत नाही हो. माणसाला आतून कळतं.”

“तुम्ही जरा गप्प बसता का?” जपूनराव आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी ओरडले, आणि लगेच घाबरून “माफ करा” म्हणाले.

त्यातच दुसरी भीती येऊन बसली. प्रत खरंच प्रत होती ना? की तारा सरळ कार्यालयातल्या मूळ गोदामाला जोडल्या गेल्या होत्या? तसं असेल तर सासरेबुवांचं निवृत्तिवेतन बंद, आपली नोकरी बंद, आणि सासरेबुवांना हे कळलं की घराचं दारही बंद. रविवारी सकाळी त्यांनी डेटाबेसवाल्याला फोन लावला.

“मी एका माणसाला मारलं,” ते एका दमात म्हणाले.

पलीकडे हेडफोन उतरवल्याची खरखर झाली. “पोर्टलवर ना?”

“पोर्टलवरच. ते खरं धरलं गेलं का?”

“बघून सांगतो. फोन ठेवू नका.” मग बराच वेळ नुसती टकटक. जपूनराव भिंतीला टेकून उभे होते. “नाही हो. मूळ नोंद जशीच्या तशी आहे. तुमची प्रतच आहे. ह्या वेळी बहुतेक नाही म्हणत, नक्की म्हणतोय.”

जपूनराव खाली बसले.

“फक्त एक आहे,” डेटाबेसवाला म्हणाला. “नोंदींची प्रत काढताना फोन नंबर बदलायचे राहिलेत. ते खरे आहेत. फायरवॉल चालू आहे ना? मग हरकत नाही. बंद असती तर मेसेज बाहेर गेले असते, ज्याच्या त्याच्या फोनवर.”

“कसले मेसेज?”

त्यानं मजकूर वाचून दाखवला. ‘आपल्या दुःखद निधनाची नोंद ह्या कार्यालयानं घेतली आहे. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार.’

फोन ठेवल्यावर जपूनरावांना ती शिंकेनंतरची टिंग आठवली. म्हणजे म्हाताऱ्याला सगळं माहीत होतं, आणि इतके दिवस तो ते उरात घेऊन, मुकाट्यानं, अळणी भाजी खात होता. जपूनरावांना आता भीती वाटत होतीच, पण तिच्यावर शरम चढून बसली. गप्प राहून चालण्यासारखं होतं. सोमवारी बैठक झाली की संगणक परत जाणार, कुणाला काही कळणार नाही. पण तोवर त्या खोलीत एक माणूस भिंतीकडे तोंड करून मरणाची वाट बघत पडणार. जपूनराव उठले आणि आत गेले.

“बाबा, तो मेसेज मी पाठवला. म्हणजे मी नाही, पोर्टलनं. पण मारलं मी. चाचणीपुरतं.”

सासरेबुवा उठून बसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन उभी राहिली होती, हातात चमचा.

“तुम्ही माझ्या बाबांना मारलंत?” ती म्हणाली. “दुसरं कुणी सापडलं नाही?”

“थांब गं,” सासरेबुवा म्हणाले.

जपूनरावांनी धीर करून विचारलं, “पण बाबा, तुम्ही तर धडधडीत जिवंत होतात. त्या मेसेजवर विश्वास कसा ठेवलात?”

“मी आयुष्य त्या खात्यात काढलं, जावईबापू. खातं उशीर करतं, पण उगाच काही कळवत नाही. मी म्हटलं, डॉक्टरांनी तुम्हाला गुपचूप काहीतरी सांगितलं असणार. आणि तुम्ही सावध माणूस. ऐन वेळी धावपळ नको म्हणून नोंद आधीच करून ठेवली असणार.” त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. “मग तुम्ही दारात उभं राहून माझे श्वास मोजायला लागलात. मग डॉक्टर आला, आणि तुम्ही त्याला बाहेर नेऊन कुजबुजलात. आणखी काय पुरावा हवा होता मला?”

जपूनरावांनी सासरेबुवांचं घड्याळ खिशातून काढून त्यांच्या हाती परत दिलं.

“एक सांगा. माझाच नंबर का घातलात? तुमचा होता की.”

“आठवला नाही, बाबा.” मग त्यांनी मान खाली घातली. “आठवला होता. भीती वाटली.”

सासरेबुवा त्यांच्याकडे बघत राहिले. “मलाही वाटली,” ते म्हणाले. “फार वाटली हो.”

मग मुख्य लिपिक जागा झाला. “आत्ता त्या यंत्रात मी कसा आहे?”

“तसाच. नोंद रद्द करायची सोय नाही.”

“मग सगळं पुसा. मी तिथे मेलेला असेपर्यंत मला अन्न जायचं नाही.”

“उद्या बैठक आहे, बाबा. सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागेल.”

“बसवा. मी बसतो शेजारी.”

जपूनरावांनी सगळं पुसलं. इतक्या दिवसांची मेहनत डोळ्यांदेखत गेली आणि त्यांना बरंच वाटलं. पहारेकऱ्याला मात्र आधी दारावर उभं केलं, आणि दुकान-गोदामापुरती एक फट ठेवायची कशी ते डेटाबेसवाल्याकडून फोनवर शिकून घेतलं. सर्वज्ञ आले, तेव्हा बायकोनं त्यांना दारातच सांगितलं की आत शस्त्रक्रिया चालू आहे. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि जावई-सासरे खुर्चीला खुर्ची लावून तिच्याकडे बघत होते. लाल अक्षरं आली की दोघंही मागे सरकायचे. दुपार सरता सरता सासरेबुवा पुन्हा सभासद झाले, स्थिती ‘हयात’. ती ओळ त्यांनी चष्मा लावून आणि चष्मा काढून वाचली.

“आता साहेबांना मृत्यूची नोंद कुणाची दाखवणार?”

जपूनरावांनी खुर्ची पुढे ओढली. “माझी.” त्यांनी स्वतःचा क्रमांक घालायला सुरुवात केली. एकेक आकडा टाकताना कपाळ घामानं डवरलं. शेवटच्या आकड्यावर बोट थांबलं, आणि काही केल्या खाली जाईना.

“थांबा,” सासरेबुवा म्हणाले. “माझे जुने साहेब आहेत ना, त्यांचा नंबर मला येतो. ते वारून पुष्कळ वर्षं झाली. त्यांना काय फरक पडतो?”

दोघांना ही कल्पना फारच पसंत पडली. जुन्या साहेबांचा क्रमांक घातला. पोर्टलनं सांगितलं, ‘हे सभासद आधीच मृत आहेत. कृपया हयात सभासद निवडा.’

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग दाराकडे. बायको दारातून म्हणाली, “माझ्याकडे बघू नका.”

“माझाच घाला,” सासरेबुवा म्हणाले.

“नको, बाबा.”

“अहो, राग मारल्याचा नव्हता. न विचारता मारलंत त्याचा होता. आधी विचारलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं? घरचंच काम आहे. घाला. साहेबांना झालेली नोंद दाखवा, आणि बैठक झाली की पुसून टाका.”

जपूनरावांनी क्रमांक घातला. सासरेबुवांनी आपला फोन खिशातून काढून दोघांच्या मधे टेबलावर ठेवला. बटण समोर होतं. जपूनरावांनी डाव्या हातानं सासरेबुवांचं मनगट धरलं, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं, आणि दोघांनीही डोळे घट्ट मिटून घेतले. टक् असा आवाज आला. फोन वाजला नाही. सासरेबुवांनी आणखी थोडं थांबून पाहिलं.

“गेलो का?” त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

“गेलात, बाबा.”

“बरं झालं. मग आता हात सोडा.”

“सोडतो,” जपूनराव म्हणाले, पण सोडला नाही.